आतलं कांडप

माझ्या सासूबाईंची डावी मांडी बेचाळीस दिवसांत साडेचार सेंटिमीटरनं बारीक झाली, आणि ती आम्ही केली. आजारानं नाही, वयानं नाही, नशिबानं तर नाहीच. आम्ही. म्हणजे दोन मुलगे, दोन सुना आणि उदगीरपासून सिकंदराबादपर्यंत पसरलेलं सगळं गणगोत. हे मी आधीच सांगून टाकते. कारण आमच्याकडे कुणाचं काही वाईट झालं की लोक आधी ग्रहांचं बघतात, मग डॉक्टरांचं काढतात, आणि स्वतःकडे बोट दाखवायची वेळ आली की चहा ठेवायला उठतात.

सासूबाईंचं नाव तारामती. वय सदुसष्ट. माहेर उदगीरजवळचं, शेतीवाल्यांचं. लग्न होऊन हैदराबादला आल्या तेव्हा सासरे एकनाथराव बेगम बाजारात एका आडतीवर कामाला होते. पुढे दोघांनी मिळून गल्लीच्या तोंडाशी मिरची-मसाला कांडपाचं दुकान टाकलं. आता तिथे दोन यंत्रं आहेत, ती माझे दीर प्रतापराव आणि माझा नवरा मिलिंद बघतात. पण दुकानाच्या दारात जमिनीत पुरलेलं दगडी उखळ आईंचं. कितीतरी जुनी घरं, मराठी, मारवाडी, तेलुगू, वर्षाचा काळा मसाला आणि येसर आजही त्याच उखळात कांडून नेतात. यंत्रात मसाला तापतो आणि वास उडून जातो, असं आईंचं म्हणणं. गिऱ्हाइकांचंही तेच म्हणणं, नाहीतर फेब्रुवारी ते मे ती बाया-माणसं उन्हात रांग लावून का उभी राहतील?

मी पुण्याची. लग्न झाल्यावर पहिल्याच उन्हाळ्यात हौसेनं ते मुसळ उचलायला गेले. पाच किलोचं लाकूड, खालच्या टोकाला लोखंडी कडं. दहा घाव घातले आणि दंड धरून बसले. आई हसल्या. म्हणाल्या, मुसळ हातानं नसतं उचलायचं पोरी, मांडीनं उचलायचं, हात नुसते धरायला. मी स्नायूंच्या प्रयोगशाळेत नोकरी करणारी, आणि हे मला मिरची कांडणाऱ्या बाईनं शिकवलं.

हो, तेही सांगायचं राहिलं. शहराच्या दुसऱ्या टोकाला एका संशोधन संस्थेत मी तांत्रिक अधिकारी आहे. आमचं काम न वापरलेल्या स्नायूंवर. उंदराच्या शेपटीला चिकटपट्टी लावून त्याला अशा बेतानं टांगतात की मागचे पाय जमिनीला टेकत नाहीत. पुढच्या पायांवर तो पिंजराभर हिंडतो, खातो, पितो. मागच्या पायांवर फक्त भार पडत नाही, बाकी सगळं जिथल्या तिथे. चौदा दिवसांनी त्याच्या पोटरीचा आतला स्नायू मी काट्यावर ठेवते. तिसरा हिस्सा तरी गेलेला असतो, कधी त्याहून जास्त. अकरा वर्षं मी ही वजनं रजिस्टरात लिहितेय. तेव्हा मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय मला नाही.

गेल्या वर्षी जानेवारीत, नामपल्लीला नुमाइश, म्हणजे दरवर्षीचं मोठं प्रदर्शन, चालू होती तेव्हा, आई दुकानात वरच्या फळीवरचा तमालपत्राचा डबा काढायला स्टुलावर चढल्या. स्टूल कलंडलं आणि डाव्या पायाची नडगी मोडली. मांडीपासून पावलापर्यंत प्लास्टर, सहा आठवडे. हाडांच्या डॉक्टर तरुण होत्या पण बोलायला स्वच्छ. म्हणाल्या, प्लास्टरचा पाय टेकवायचा नाही, पण बाकी सगळं हलवायचं. मांडी आवळायची आणि सोडायची, अख्खा पाय वर उचलायचा, बोटं हलवायची. वॉकर धरून दिवसातून चार वेळा चांगल्या पायावर उभं राहायचं, खोलीतल्या खोलीत चार पावलं घ्यायची. प्लास्टर घालायच्या आधी त्यांनी दोन्ही मांड्या टेपनं मोजल्या, दोन्हींचं माप अठ्ठेचाळीस कागदावर लिहिलं, आणि खाली व्यायामांची चित्रं असलेला तो कागद दिला. सगळं इंग्रजीत, म्हणून तो माझ्या हातात आला.

आईंनी डॉक्टरांना एकच विचारलं, मिरचीच्या हंगामाला मी उखळापाशी उभी राहीन का? डॉक्टर म्हणाल्या, यातलं सगळं केलंत तर नक्की राहाल. आई मान हलवून हसल्या आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं. कागद माझ्याकडे होता ना. मी तो घरी आणून फ्रिजला चुंबकानं लावला. त्यानंतर दूध काढताना मी तो रोज बघत होते आणि रोज फ्रिज बंद करत होते.

आता आमच्या घराची रीत सांगते, म्हणजे कळेल. नऊ वर्षांपूर्वी सासरे हृदयाच्या दुखण्यानं घरी पडून होते. एका दुपारी त्यांना तहान लागली, ते उठले आणि स्वयंपाकघरातल्या माठातून त्यांनी आपलं आपण पाणी घेतलं. नेमके त्याच क्षणी हिम्मतरावकाका दारातून आत आले. हे सासऱ्यांचे चुलतभाऊ, गणगोतातले सगळ्यांत मोठे, आणि स्वतःला सगळ्यांचे न्यायाधीश समजणारे. पुढे वीसेक दिवसांनी सासरे गेले. त्या पाण्याचा आणि त्यांच्या हृदयाचा काडीचा संबंध नव्हता. पण तेराव्याच्या पंगतीत काका सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले, की दोन-दोन सुना घरात असून एकनाथला पाणी आपल्या हातानं घ्यावं लागलं.

झालं. त्या दिवसापासून कुणाचं लग्न असो की बारसं, जांबागच्या आमच्या घरची माणसं आली की ते पाणी निघायचं. मला त्याचं फार वाटायचं नाही, मी सकाळी डबा घेऊन मेट्रोत बसणारी. पण माझ्या थोरल्या जाऊबाई, भाग्यलक्ष्मीवहिनी, यांनी ते मनाला लावून घेतलं. बिदरकडची बाई, साधी, राबणारी. लग्नाच्या मांडवात कुणी बायका कुजबुजल्या तरी त्यांना वाटायचं, पाण्याचंच चाललंय. त्यांनी मनाशी ठरवूनच टाकलं होतं, या घरातलं आजारी माणूस पुन्हा कुणाला उठलेलं दिसणार नाही.

तर आई प्लास्टर घालून घरी आल्या आणि सेवा सुरू झाली. तोंड धुवायला तसराळं पलंगावर. जेवण पलंगावर, तेही वहिनी घास भरवणार. केस वहिनी विंचरणार. हात-पाय सगळे धड असलेल्या, कालपर्यंत पाच किलोचं मुसळ उचलणाऱ्या बाईला पाठीमागची उशीसुद्धा आम्ही सरकवू दिली नाही. प्रतापरावांनी कुठूनशी एक घंटी आणली, बटण उशाशी आणि टिंगटाँग स्वयंपाकघरात. मिलिंदनं टीव्ही समोर येईल असा पलंग फिरवून दिला. किती प्रेमळ मुलं, नाही का? त्या प्रेमाची आठवण आली की आजही मला भांडी आपटावीशी वाटतात.

आणि भेटायला येणाऱ्यांची रांग. कुणी उदगीरहून, कुणी जहिराबादहून, कुणी चार गल्ल्या पलीकडून. हातात सफरचंदं आणि तोंडात एकच शब्द, आराम. आराम करा काकू, आराम करा मावशी, आता काय करायचंय तुम्हाला उठून, सुना आहेत की. सोफ्यावर पसरून, चहा भुरकत, ही माणसं एका धडधाकट बाईला दिवसभर आडवी पाडत होती, आणि वर आम्हाला शाबासकी देत होती की काय जपताय हो तुम्ही. आराम हा शब्द आता कुणी माझ्यासमोर काढला तरी माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

पण मी दुसऱ्यांना किती दिवस शिव्या घालू? नवव्या दिवशीचं सांगते.

शनिवार होता, मी लवकर घरी आले होते. त्या सकाळी प्रयोगशाळेत मी रजिस्टरात लिहिलं होतं, दुसरा गट, नववा दिवस, भार नाही. घरी बैठकीत हिम्मतरावकाका, काकू आणि आणखी दोघं पाहुणे बसलेले. वहिनी चहा देत होत्या. आणि आतून आवाज आला, टक, टक. बैठकीच्या दारात आई उभ्या. वॉकर घट्ट धरलेला, प्लास्टरचा पाय अधांतरी, सगळा भार उजव्या पायावर, कपाळावर घाम आणि चेहरा असा फुललेला की विचारू नका. कुणाच्याही मदतीशिवाय पलंगावरून उठून त्या एवढ्या आल्या होत्या. कागदात लिहिलेलं बरोबर तेच, कागद न वाचता, त्यांच्या अंगालाच ते कळत होतं.

काकांनी आईंकडे पाहिलंच नाही. त्यांनी वहिनींकडे पाहिलं. वहिनींनी हातातल्या कपबशा तशाच खाली ठेवल्या.

आणि मी उठले. अकरा वर्षं न वापरलेल्या स्नायूंची वजनं करणारी मी, फ्रिजवरचा कागद अथपासून इतिपर्यंत वाचलेली मी, उठले, आईंच्या काखेत हात घातला, त्यांना वळवलं, आणि बैठकीत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "आई, आम्ही मेलोय का? तुम्ही गप पडून राहा बघू."

आईंनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. "तू म्हणतीस?" त्यांनी विचारलं.

मी हो म्हणाले. त्या पलंगावर जाऊन पडल्या. काका चहा पिऊन, समाधानानं मान डोलवत गेले, आणि वहिनींनी स्वयंपाकघरात माझा हात धरून डोळे पुसले, की वाचवलंस गं. मला तेव्हा बरंही वाटलं, हे कबूल करते. त्यानंतर आई एकदाही आपण होऊन उठल्या नाहीत. काही लागलं की घंटी वाजवायच्या.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात प्लास्टर कापलं. आतून जो पाय निघाला तो त्यांचा नव्हताच. कातडी पांढरी, कोरडी, सालं निघालेली, आणि मांडी रिकाम्या उशीच्या अभ्र्यासारखी लोंबती. डॉक्टर म्हणाल्या, हाड छान जुळलंय, आता उभ्या राहा. आई उभ्या राहायला गेल्या आणि दोन्ही गुडघे एकदम दुमडले. मिलिंदनं धरलं म्हणून वाचल्या. दोन्ही, हे लक्षात घ्या. उजव्या पायाला काही झालेलंच नव्हतं. त्याला प्लास्टर नव्हतं, त्याचं हाड मोडलं नव्हतं. त्याला फक्त आम्ही होतो.

डॉक्टरांनी मला विचारलं, व्यायामांचा कागद दिला होता ना? मी मान खाली घातली. तेवढ्यात वहिनी भाबडेपणानं म्हणाल्या, आम्ही यांना हलूसुद्धा दिलं नाही डॉक्टर, फुलासारखं जपलं. डॉक्टरांनी फाईल मिटली आणि त्या पुढच्या पेशंटला बोलवायला लागल्या. त्यांनी मला चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

त्या आठवड्यात बैठकीत दोघा भावांचं बोलणं झालं. आईचं आता होत नाही. दारातलं उखळ काढून टाकू, खड्डा बुजवू, तिथे तिसरं यंत्र बसवू, अक्षय्य तृतीयेचा मुहूर्त बरा आहे. आईला काय, तिनं खूप केलं, आता आराम करू दे. पुन्हा तेच. आतल्या खोलीचं दार उघडं होतं, आई ऐकत होत्या. मला वाटलं त्या काहीतरी बोलतील, आरडाओरडा करतील. घंटी वाजली. मी आत गेले तर त्यांनी पाणी मागितलं. माठ तिथून पंचवीस-तीस पावलांवर, आणि ती बाई छताकडे बघत पडलेली.

मी पाणी दिलं, आणि शिवणाच्या डब्यातली टेप आणली. डावी मांडी साडेत्रेचाळीस. उजवी पंचेचाळीस. डॉक्टरांनी लिहिलेलं अठ्ठेचाळीस माझ्यासमोर होतं. आईंनी विचारलं, हे कशानं झालं गं? मी जेवत तर होते. भाग्यानं तूप घातलं, दूध दिलं, खजूर खायला घातले, मग गेली कुठं मांडी?

मग मी त्यांना सांगितलं. सगळं, त्यांना कळेल असं, आणि काही न लपवता.

स्नायू म्हणजे बारीक बारीक धाग्यांची जुडी, आणि धागे प्रथिनांचे. हे प्रथिन रोज थोडं मोडतं आणि रोज थोडं नवं बनतं, जिवंत आहोत तोवर हे चालूच. पायावर भार पडला की पेशीच्या आत निरोप जातो, हे लागतंय, बनवत राहा. भार थांबला की तो निरोप थांबतो आणि बनवण्याचं काम मंदावतं. तूप-दूध पोटात जातं, पण म्हातारा, न हलणारा स्नायू त्यातलं फार थोडं उचलतो. अंगात माल येऊन पडतो, घेणारा झोपलेला. पण एवढ्यावर भागत नाही. निरोप थांबला की पेशीच्या केंद्रकातल्या काही जनुकांवरचा पहाराही उठतो, आणि ती जनुकं मोडतोडीची माणसं कामाला लावतात. आपल्या बाजारात हमाल कसे पाठवायच्या पोत्यांवर खडूनं खूण करतात, तशी ही माणसं चांगल्या धडधाकट प्रथिनांवर खूण करत सुटतात, हे गेलं, हे गेलं. आणि पेशीत एक कांडपयंत्र असतं. खूण झालेलं प्रथिन त्यात जातं आणि तुकडे होऊन बाहेर पडतं. पेशी सहसा मरत नाही आई, धागा तुटत नाही. तो आतून कांडला जातो आणि बारीक होतो. पहिल्या दोन-चार दिवसांतच हे सुरू होतं.

आईंनी दोन्ही हातांनी डावी मांडी चाचपली. बाहेर वहिनी भाजी चिरत होत्या, तेवढा आवाज.

"म्हणजे माझ्या अंगात कांडप चालू होतं," आई म्हणाल्या, "आन् खडू तुमच्या हातात होता."

मी टेप गुंडाळायला लागले.

"तुला हे ठाव होतं?"

"हो."

"कधीपासून?"

"अकरा वर्षं, आई."

त्यांनी उशाशी असलेलं घंटीचं बटण उचललं आणि भिंतीवर फेकलं. त्याचे दोन तुकडे झाले आणि स्वयंपाकघरात टिंगटाँग वाजतच राहिलं. मी त्यांना इतकी वर्षं ओळखते, पण त्यांचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. "भाग्याचं नसतं ऐकलं मी. परतापचं तर मुळीच नसतं ऐकलं. तू ह्याचंच शिकलीस म्हणून तुझं ऐकलं. तू म्हणलीस म्हणून पडले मी, सुजाता."

मला तेव्हा जमिनीनं गिळलं असतं तर चाललं असतं. मी त्यांच्या पायाशी बसून रडले. त्यांनी रडू दिलं, पाठीवर हात वगैरे फिरवला नाही, आणि ते बरोबरच केलं. मग विचारलं, परत येतं का हे? मी खोटं बोलले नाही. तरुण माणसाचं लवकर भरून येतं, तुमच्या वयाला हल्लू हल्लू येईल आणि कदाचित पूर्ण येणार नाही. बारीक झालेल्या पेशीत जुनी केंद्रकं टिकून राहतात आणि पुढे कामाला येतात असं काही शास्त्रज्ञ म्हणतात, काही म्हणतात तसं नाही, त्यांचं अजून भांडण चालू आहे.

"भांडू दे त्यांना," आई म्हणाल्या. "कागद आण."

मी फ्रिजवरचा कागद काढून आणला. दुसऱ्या सकाळी त्यांनी प्रतापरावांना बोलावून सांगितलं, अक्षय्य तृतीयेपर्यंत उखळाला हात लावायचा नाही. तोवर मी उभी राहिले नाही तर काय खड्डा बुजवायचा तो बुजव. प्रतापराव हौ म्हणाले, पण त्यांच्या तोंडावरून कळत होतं, यंत्रवाल्याशी बोलणं झालेलं होतं.

खुर्चीतून उठायचं आणि बसायचं, एवढाच मुख्य व्यायाम. ऐकायला किती सोपं. पहिल्या दिवशी एकदाही जमलं नाही. आम्ही दोघींनी धरलं तरी मांड्या थरथरायच्या आणि त्या धपकन खाली बसायच्या. तिसऱ्या दिवशी खुर्चीचे हात धरून एकदा उठल्या. त्यावर वहिनींनी स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं. लोक काय म्हणतील, सासूला उठाबशा काढायला लावतात, हे त्यांचं पालुपद. माझं डोकंच फिरलं. मी दारावर थाप मारून त्यांना वाटेल ते बोलले, की तुमच्या त्या लोकांपायी आईंचे पाय गेले.

दार उघडून वहिनी बाहेर आल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "तुझं बरंय. तू डबा घेऊन जातीस. नऊ वर्षं हिम्मतरावांचं तोंड मी बघतीय."

त्यांचं खरं होतं. त्या नवव्या दिवशी मला तर काकांचं तोंड एकदाच बघावं लागलं होतं, आणि तेवढ्यानं मी आईंना पाडलं होतं.

आईंनी हे सगळं ऐकलं होतं. त्यांनी वहिनींना हाक मारून शेजारी बसवलं आणि काम दिलं. तू मोजायचंस भाग्या. मी एकदा उठले की वाटीत एक मिरची टाकायची. हिला नको सांगू, ही लिहून घेती आणि फ्रिजला लावती. मला लागलं ते, पण लागायलाच हवं होतं. वहिनींनी दुकानातली लाल गुंटूर मिरची आणली, पितळी वाटी आणली आणि खुर्चीशेजारी पाट मांडून बसल्या. पाडव्याला वाटीत नऊ मिरच्या होत्या. रामनवमीला बावीस, आणि खुर्चीचे हात न धरता. दूध-तूप वहिनी आताही देत होत्या, फक्त आता उठून झाल्यावर. मांडीला रोज टेप लावायची मला सक्त मनाई होती, आठवड्यातून एकदाच. सव्वा सेंटिमीटर यायला सहा आठवडे लागले. जायला किती लागले ते मी वर लिहिलंच आहे.

अक्षय्य तृतीयेच्या चार दिवस आधी, भर दुपारी, हिम्मतरावकाका आले. प्रतापरावच त्यांना घेऊन आले होते. बातमी उदगीरपर्यंत पोचली होती, तारामतीच्या सुना तिचे हाल करतात, म्हाताऱ्या बाईला उठाबशा काढायला लावतात. काका सोफ्याच्या मधोमध बसले, टोपी काढून मांडीवर ठेवली आणि आईंची विचारपूस न करता वहिनींना म्हणाले, आधी पाणी आण, मग तुमच्या दोघींशी बोलायचंय मला.

वहिनी उठल्या.

"बस तू," आई म्हणाल्या.

त्या समोरच्या खुर्चीत बसल्या होत्या. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून, पुढे झुकून, त्या उठल्या. खुर्चीला हात लावला नाही. कोपऱ्यातली काठी घेतली आणि स्वयंपाकघराकडे निघाल्या. वॉकर पलंगाशीच राहिला होता. मी अर्धी उठले होते. त्यांनी नुसतं माझ्याकडे पाहिलं, आणि मी खाली बसले. जन्मात मला इतकं अवघड काही गेलं नसेल. डावं पाऊल टाकताना त्यांचा गुडघा किंचित थरथरत होता, आणि त्या थरथरीच्या आत पेशीपेशीत काय चाललंय हे त्या खोलीत फक्त मला माहीत होतं, आणि माझ्या हाताला काम नव्हतं. प्रतापराव दारात उभे होते, ते मागे सरकले. आतून माठाचं झाकण वाजलं. मग बराच वेळ काही नाही. वहिनींनी माझा हात इतका घट्ट धरला होता की बोटं दुखायला लागली. काका घड्याळाकडे बघत होते, मग बघायचे थांबले.

आई परत आल्या. एका हातात काठी, दुसऱ्या हातात तांब्या. अर्धं पाणी लुगड्यावर सांडलेलं. काकांच्या समोर येऊन त्या उभ्या राहिल्या, टेकल्या नाहीत, आणि तांब्या पुढे केला.

"घ्या भावजी," त्या म्हणाल्या. "आन् जाऊन सांगा सगळ्यांना. एकनाथरावाच्या सुनांनी सासूला पाणी आणायला लावलं म्हणून सांगा."

काकांनी तांब्या घेतला. पाणी वरून पितात ती माणसं, पण त्या दिवशी त्यांनी तांब्या तोंडाला लावूनच प्यायलं, आणि रिकामा तांब्या हातात घेऊन बसून राहिले. प्रतापराव मोबाईल घेऊन बाहेर गेले आणि यंत्रवाल्याला सांगताना ऐकू आले, की दारातली जागा मोकळी नाही. आई अजून उभ्याच होत्या. वहिनींनी डोळे पुसले, पाटावरची पितळी वाटी पुढे ओढली आणि तिच्यात एक मिरची टाकली.